खोक्यात बसेल तीच बाबागाडी

गेल्या जुलैतली गोष्ट. नात अडीच महिन्यांची झाली होती. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळांना लशी द्यायच्या असतात, त्यातली ही दुसरी खेप. जावई कामासाठी नाशिकला गेलेले. लेक म्हणाली, "आई, तू पावसात नको येऊस, मी एकटी जाऊन येते." तासाभराने तिचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, डिकीच लागत नाहीये गं."

मी रिक्षा करून दवाखान्यापाशी पोहोचले. पाऊस रिपरिपत होता. लेक आमच्या वॅगनआरच्या मागे उभी होती. सुई टोचल्यामुळे कळवळून रडणारं बाळ डाव्या खांद्यावर, छत्री मान आणि खांदा यांच्या बेचक्यात, आणि उजव्या हाताने ती बाबागाडी डिकीत ढकलत होती. बारशाला नातेवाइकांनी मिळून दिलेली गाडी ती. मोठी चाकं, जाड गादी, दिसायला देखणी. पण आमची कार सीएनजीवरची, डिकीत टाकी. निघताना शेजारच्या मुलाने बाबागाडी टाकीवर तिरकी बसवून, दार दाबून लावून दिलं होतं. परतताना ते तिला एकटीला जमेना. घडी घालूनही एक चाक वीतभर बाहेर राहत होतं. शेवटी दवाखान्याच्या वॉचमनदादांनी ती बाळाच्या सीटशेजारी आडवी टाकून दिली आणि आम्ही घरी आलो. लेकीच्या ओढणीला चाकाचा चिखल लागला होता. ती रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर मी बाबागाडी हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले. मग तिच्याशिवाय. फरक आला ११.४ किलो. नात तेव्हा पाच किलोचीही नव्हती.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली, आणि हा सगळा लेख तीच सांगण्यासाठी आहे. आपण दुकानात बाबागाडी बघतो तेव्हा सोबत दोघं-तिघं असतात. एक जण बाळाला घेतो, दुसरा गाडी उघडून बघतो, तिसरा रंग निवडतो. पण ती गाडी खरी वापरली जाते ती एकट्या माणसाच्या हातून. बाळ कडेवर आहे, दुसरा हात तेवढा मोकळा आहे आणि कार रस्त्याच्या कडेला उभी आहे. बाबागाडी निवडायची ती त्या क्षणासाठी. त्या क्षणी जी साथ देते ती चांगली, मग ती स्वस्त असो की महाग.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात २८ वर्षं तपासणी विभागात काम केलं. मोजमाप हा माझा रोजचा धंदा. म्हणून लेकीला म्हटलं, नवी गाडी घ्यायची तर आपण मोजून घेऊ. घाई करायची नाही.

हा प्रश्न आधी एका आजोबांनी सोडवला

घडीची हलकी बाबागाडी आली कुठून, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यातही एक लेक आहे आणि एक नातवंड आहे. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटनमधले विमान अभियंते आणि चाचणी वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर त्यांनी काम केलं होतं. विमान उडालं की पोटाखालची चाकं घडी होऊन आत जातात, उतरताना पुन्हा बाहेर येऊन विमानाचा सगळा भार पेलतात. हलकं असावं, मजबूत असावं आणि थोडक्या जागेत मिटावं, हाच त्यातला प्रश्न.

निवृत्तीनंतर त्यांची लेक मॉस्कोहून नातवंडाला घेऊन भेटायला आली. प्रवासात ती जड, अवघड बाबागाडी वागवताना तिची होणारी तारांबळ त्यांनी पाहिली. विमानासाठी वापरलेली अक्कल त्यांनी मग नातवंडासाठी वापरली. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या घेतल्या आणि छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. १९६५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या बार्बी या गावातून ती गाडी विक्रीला आली. वजन होतं अवघं पावणेतीन किलोच्या आसपास. आज जगभरात 'अंब्रेला स्ट्रोलर' म्हणून जो प्रकार मिळतो, त्याची ही मूळ आई.

मॅक्लारेननी आधी पाहिला तो गाडी वागवणारा हात, आणि मग नळ्या कापायला घेतल्या. आपणही खरेदीला निघताना तोच क्रम ठेवावा.

डिकीचे लिटर आणि आपले सेंटीमीटर

कारच्या माहितीपत्रकात डिकीची जागा लिटरमध्ये दिलेली असते. ऑल्टो के-१० ची २१४ लिटर, टियागोची २४२, वॅगनआरची ३४१. आकडे खरे आहेत, पण बाबागाडीसाठी ते फारसे कामाचे नाहीत. डिकीत पाणी भरलं तर ते प्रत्येक कोपऱ्यात जाईल. बाबागाडी ताठ असते. तिला डिकीच्या तोंडातून आत शिरायचं असतं, चाकांच्या वरचे दोन उंचवटे चुकवायचे असतात आणि मागच्या दाराच्या तिरक्या काचेखाली बसायचं असतं. तिथे लिटर उपयोगाचे नाहीत, सेंटीमीटरच लागतात.

त्यात सीएनजी असेल तर माहितीपत्रकातला आकडा विसरूनच जायचा. पुण्या-मुंबईत निम्म्या ओळखीच्या लोकांकडे सीएनजीची कार आहे आणि बहुतेकांच्या डिकीत आडवी टाकी आहे. टाटांनी २०२३ पासून काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या फरशीखाली बसवायला सुरुवात केली, तिथे वर बरीच जागा उरते. आमची वॅगनआर जुन्या पद्धतीची. टाकी आणि मागचं दार यांच्यामध्ये मोजून १७ सेंटीमीटर. टाकीच्या वर जागा आहे, पण तिथे ठेवलेलं सामान घरंगळतं.

मग मी टेप घेऊन सगळी कार आतून मोजली. लेक म्हणाली, "आई, डिकी सोडून कुठे ठेवणार?" मी म्हटलं, "बघू तरी." जागा सापडली ती ड्रायव्हरच्या सीटमागे, जमिनीवर, मागे बसणाऱ्याचे पाय असतात तिथे. बाळाची सीट मागे डाव्या बाजूला, म्हणजे उजवीकडची ती जागा रिकामीच असते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही जागा ड्रायव्हरप्रमाणे बदलते. लेक पाच फूट एक इंच, जावई सहा फुटाला टेकलेले. जावयांनी सीट मागे घेतली की जागा चार बोटं कमी होते. म्हणून मी जावयांना सीटवर बसवलं आणि मग मोजलं. उंची ५६ सेंटीमीटर, रुंदी ४८, जाडी २४.

कारखान्यात आम्ही प्रत्येक भोक मोजत बसत नसू. त्यासाठी गेज असतं. एक टोक 'गो', ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं 'नो गो', ते जाताच कामा नये. आकडे वाचायची गरज नाही, वाद नाही. मी तसंच केलं. फ्रीजचं पुठ्ठ्याचं खोकं माळ्यावर होतं. ते कापून, चिकटपट्टी लावून ५६ बाय ४८ बाय २४ चं एक खोकं बनवलं. ते सीटमागच्या जागेत घालून, काढून, पुन्हा घालून पाहिलं. कोपरे जिथे घासत होते तिथे पट्टी लावली. वर जाड पेनाने लिहिलं: 'गाडी यात बसली पाहिजे.' हे खोकं घेऊन आम्ही दुकानांत गेलो. दुकानदार म्हणाले, "काकू, ही एकदम कॉम्पॅक्ट आहे." मी म्हणायचे, "बसवून दाखवा." पाच गाड्यांपैकी तीन खोक्यात बसल्या नाहीत. कुणाचं हँडल दोन बोटं वर राहिलं, कुणाची पुढची चाकं आडवी आली. कॉम्पॅक्ट हा शब्द त्यांच्या डब्यांवरही छापलेला होता.

तुम्हीही असंच करा. तुमची जागा डिकीत असेल तर डिकीचं खोकं बनवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याची फळं मिळतात.

घडी तीन प्रकारची

बाजारात ढोबळ मानाने तीन घड्या दिसतात. पहिली छत्रीची घडी. गाडी बारीक होते पण लांबच लांब राहते, मीटरभर किंवा त्याहून जास्त. सरळ, रिकाम्या डिकीत ती आडवी छान बसते. सीएनजीच्या डिकीत आणि सीटमागे मात्र तिचं जमत नाही. शिवाय मिटायला बहुधा दोन्ही हात आणि एक पाय लागतो.

दुसरी पुस्तकाची घडी. मध्ये एकदा दुमडते आणि चपटी होते. आसन रुंद, बाळाला आरामशीर, पण मिटल्यावरही अंगाने मोठी. आमची बारशाची गाडी यातलीच.

तिसरी तीन पदरी घडी. हँडल आत जातं, पाठ खाली येते, पाय आत वळतात आणि प्रवासी बॅगेएवढा चौकोनी गठ्ठा तयार होतो. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसतील अशा मापाने या गाड्या बनवलेल्या असतात. वजन साधारण पाच ते सात किलो. लहान कारला याच सगळ्यात सोयीच्या. पण याही सगळ्या सारख्या नसतात. काहींची घडी एका बटणाने पडते, काहींना तीन जागी दाबावं लागतं.

दुकानात मी लेकीला एक परीक्षा द्यायला लावली. पिठाची पाच किलोची पिशवी तिच्या डाव्या कडेवर दिली. म्हटलं, "ही नात. आता उजव्या हाताने गाडी मीट, उचल, खोक्यात ठेव. मग काढ आणि उघड." पहिल्या गाडीला तिला पिशवी खाली ठेवावी लागली. ती बाद. दुसरीचं बटण हँडलच्या मधोमध, अंगठ्याने सरकवायचं आणि बोटांनी दाबायचं. पहिल्या वेळी अडखळली, तिसऱ्या वेळी सहज जमलं. मग मी स्वतः करून पाहिलं, कारण दुपारी नात माझ्याकडे असते आणि माझ्या मनगटात आता पूर्वीची ताकद नाही. घरातली जी व्यक्ती सगळ्यात अशक्त, तिला जमलं पाहिजे. धडधाकट जावयांना तर कुठलीही गाडी जमेल.

वजनाचा हिशोब

वजन वाचताना बाळाचं वजन विसरू नका. वर्षाची मुलगी साधारण नऊ किलोची होते, मुलगा थोडा जास्त. तिला कडेवर घेऊन सहा किलोची गाडी उचलायची, खांद्याला लंगोट-दुपट्यांची दोन किलोची पिशवी. झाले १७ किलो. तेच ११.४ किलोच्या गाडीने २२ च्या वर जातं. लेक राहते ती इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. जिन्यात हा पाच किलोंचा फरक प्रत्येक पायरीवर कळतो.

पण हलकी म्हणून सगळ्यात हलकी घेऊ नका. अगदी हलक्या गाडीच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवली आणि बाळाला उचललं, की गाडी मागे कलंडते. बाळ आत असतानाही कलंडू शकते. दुकानात हेही करून पाहा. आणि गाडी कुठलीही असो, सामान हँडलला लावायचं नाही, आसनाखालच्या जाळीतच ठेवायचं.

गाडीवर ती किती वजनापर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. युरोपच्या ईएन १८८८ या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा २२ किलोपर्यंत. अमेरिकेचं मानक एएसटीएम एफ ८३३. डब्यावर यापैकी काही आहे का ते बघा. ही मानकं ब्रेक, पट्टे, तोल, घडीचं कुलूप अशा सगळ्या गोष्टींची परीक्षा घेतात.

सहा महिन्यांच्या आत घाई नको

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. बहुतेक छोट्या घडीच्या गाड्या सहा महिन्यांच्या पुढच्या बाळासाठी असतात. बाळ आधाराशिवाय बसायला साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास शिकतं, काही जरा आधी, काही नंतर. त्याआधी मान आणि पाठ सावरलेली नसते. अर्धवट बसलेल्या स्थितीत तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून तान्ह्याला गाडीत न्यायचंच तर पाठ पूर्ण आडवी होणारी, 'जन्मापासून' असं स्पष्ट लिहिलेली गाडी हवी. 'पाठ मागे जाते' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. किती मागे जाते ते बाजूने वाकून बघा.

बाबागाडीत झोप लागली तर लागू द्या, पण ती झोपायची जागा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की बाबागाडी, कारची सीट, झोपाळ्याची खुर्ची ही नेहमीच्या झोपेची ठिकाणं नव्हेत. घरी पोहोचलात की बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवा.

आम्ही मग ठरवलं, सहा महिने होईपर्यंत छोटी गाडी घ्यायचीच नाही. बारशाची मोठी गाडी खालच्या अंगणात फिरवायला ठेवली, तिथे ती उत्तम होती. नातेवाइकांचं प्रेम वाया गेलं नाही. दवाखान्यात न्यायला लेकीने छातीशी बांधायची झोळी घेतली. त्यातही बाळाचं नाक-तोंड कायम दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीपासून वर हवी. नोव्हेंबरमध्ये नात बसायला लागली आणि आम्ही खोकं घेऊन दुकानात गेलो. घाई केली असती तर पावसाळ्यातच आणखी एक चुकीची गाडी घरी आली असती.

पट्टे, ब्रेक, बोटं

पट्टे पाच हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. तीनच असतील तर बाळ खाली घसरतं किंवा पुढे झुकतं. बक्कल तुम्हाला सहज उघडावं पण दीड वर्षाच्या पोराला उघडू नये.

ब्रेक पायाने लागतो. चप्पल घालून लावून बघा, कारण आपण बारा महिने चप्पल घालतो आणि काही ब्रेक असे असतात की वर करताना अंगठ्याला लागतात. दुकानाबाहेरच्या उतारावर, आत पिठाच्या पिशव्या ठेवून, ब्रेक लावून गाडी सोडून पाहिली. दुकानातली मुलं बघत राहिली, पण मनाई कुणी केली नाही.

आणि बोटं. घडीच्या सांध्यात लहान बोट सापडण्याचा धोका खरा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत घडीच्या सुमारे १० लाख बाबागाड्या परत बोलवाव्या लागल्या. सांध्यात बोट अडकून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याची नोंद झाली होती. मग सांध्यांवर झाकणं बसवून देण्यात आली. म्हणून सांधे झाकलेले आहेत का बघा, आणि गाडी उघडताना किंवा मिटताना मूल हातभर लांब ठेवा. उघडल्यावर 'खट्' आवाज ऐकल्याशिवाय बाळाला आत ठेवू नका. जुनी गाडी कुणाकडून घेत असाल तर आधी हे सांधे, मग पट्ट्यांची शिवण, मग ब्रेक तपासा. रंग उडालेला चालतो, सांधा सैल झालेला चालत नाही.

आपले रस्ते, आपलं ऊन

छोटी घडी म्हणजे छोटी चाकं. मॉलच्या फरशीवर ती लोण्यासारखी धावतात. आपल्या पदपथावर पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक आडवं होऊन अडकतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथावर चालायला १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले आहेत, तिथे बाबागाडी खरंच चालते. आमच्या गल्लीत पदपथावर दुचाक्या, झाडाचा पार आणि केबलचा खांब. तिथे पुढची चाकं सरळ लॉक करायची आणि हँडल जरा दाबून पुढची बाजू उचलत न्यायची. हे लॉक गाडीला आहे का ते आधी बघा. आणि सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीही नेऊ नका. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट असते, दोन मिनिटं थांबा.

उन्हाचं तर फारच सांभाळायला हवं. आपल्याकडे गाडीवर दुपटं टाकून बाळाला सावली करायची सवय आहे. मीही तेच करत होते. २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हात बाबागाड्या ठेवून मोजलं. कोरड्या कापडाने झाकलेल्या गाडीच्या आत तापमान जवळपास चार अंशांपर्यंत वाढलं, कारण वारा बंद झाला. ओली मलमल टाकली आणि छोटा पंखा लावला तेव्हा ते जवळपास पाच अंशांनी उतरलं. तेव्हापासून आमच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा असतो. छत मोठं, डोळ्यांपर्यंत खाली येणारं आणि मागे जाळी असलेलं घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार बाहेर पडूच नका.

बाळ किती खाली बसतं हेही बघा. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात बाबागाडीच्या उंचीवर बारीक धूलिकणांचं प्रमाण मोठ्या माणसाच्या नाकाच्या उंचीपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत जास्त आढळलं. रिक्षा-बसचा धूर थेट त्याच उंचीला येतो. दोन गाड्या बाकी सगळ्या बाबतीत सारख्या असतील तर उंच आसनाची घ्या, आणि सिग्नलला थांबताना रस्त्याच्या कडेपासून चार पावलं मागे थांबा.

बाबागाडी ही कारची सीट नव्हे

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी कारमधली बाळाची सीट घ्या, बाबागाडी मागून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट हवीच, नाहीतर हजार रुपये दंड. पण दंडाचं सोडा. मांडीवरचं बाळ धक्क्यात कुणाच्याही हातात राहत नाही. मागे तोंड असलेली तान्ह्याची सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही.

आणि आता त्या जुलैच्या दिवसाकडे येते. त्या दिवशी ११.४ किलोची गाडी बाळाशेजारी मोकळी पडली होती. ताशी ५० किलोमीटरने जाणारी वस्तू एकदम अडली तर तिचा दणका साधारण १० मीटर उंचीवरून पडण्याएवढा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून ती गाडी खाली टाकावी तसा. माझं सगळं लक्ष त्या गाडीकडे होतं, पण नुसतं लक्ष ठेवून ब्रेक लागल्यावर काय करता आलं असतं? म्हणूनच सीटमागची जागा मला महत्त्वाची वाटते. तिथे गाडी दोन्ही सीटच्या मध्ये जमिनीवर घट्ट बसते. डिकीत ठेवत असाल तर मागच्या सीटची पाठ लॉक आहे ना, ते हलवून बघा.

आम्ही घेतली ती गाडी तीन पदरी, ५.९ किलोची, साडेआठ हजारांची. ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन असतो. २०२१ मध्ये तो सुरू झाला आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद केला जातो. लेक एकटी नातीला घेऊन गेली. कार नदीकाठी लावली, गाडी उघडली आणि दोघी लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध चालल्या. मी मुद्दाम सोबत गेले नाही. दुपारी परत आली तेव्हा नात झोपलेली होती आणि लेकीने आल्या आल्या जेवायला मागितलं. बाबागाडीचा विषयसुद्धा निघाला नाही. मला हवं होतं ते हेच.

पुठ्ठ्याचं ते खोकं मी टाकलं नाही. मार्चमध्ये खालच्या मजल्यावरची सून बाळंत झाली, तिच्या सासूबाई ते मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे ऑल्टो आहे. परत आलं तेव्हा खोक्याच्या एका बाजूवर निळ्या पेनाने दुसरी रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'आमची डिकी इथपर्यंत.' आता ते तिसऱ्या घरी गेलं आहे. त्यावर अजून बरीच जागा आहे.